शाई कुठे गेली? वेस्टची बाटली काढून बघ

पत्र:

काकू, नमस्कार. मी नागपूरला हुडकेश्वर रोडला राहतो. फेब्रुवारीअखेर कर्ज काढून छोटं डीटीएफ मशीन घेतलं, ३० सेंटीमीटरच्या रोलचं. डिझाइन फिल्मवर छापायचं, पावडर टाकून भाजायचं आणि हीट प्रेसनं टी-शर्टावर चिकटवायचं. घराच्या समोरच्या खोलीत लावलं आहे. हीट प्रेस आई सांभाळते. शाई विकणाऱ्यानं सांगितलं होतं की एका टी-शर्टाला शाई ३ रुपयांची लागते, पांढऱ्या एका लीटरमध्ये हजार टी-शर्ट निघतात. पांढरी १,५०० रुपये लीटर पडते, रंग १,३०० रुपये लीटर, फिल्मचा १०० मीटरचा रोल २,००० रुपयांचा. म्हणून मी असा हिशेब धरला: टी-शर्ट १०५, शाई ३, फिल्म ५, चिकटवायची पावडर १, आणि विकायचा १५० ला. मे महिन्यात उन्हाळी क्रिकेटचे आणि शिबिरांचे मिळून २६० टी-शर्ट केले. डिझाइन साधारण २४ बाय २५ सेंटीमीटरचं. ९,००० च्या वर उरायला पाहिजे होते, उरले साडेचार हजार. पांढरीची लीटरची बाटली अख्खी संपली, चारही रंग मिळून अर्धा लीटर गेले. ११ टी-शर्ट खराब झाले, विजेचं बिल २,१०० रुपयांनी वाढलं. शाई फवारणारं हेड मोकळं राहावं म्हणून रोज चार-पाच वेळा हेड क्लीनिंग करावं लागायचं. तरी महिन्याच्या शेवटी हेड बसलंच, म्हणजे कायमचं बंद पडलं, त्यात १९,००० गेले. आता पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक काढणाऱ्या एका मंडळाचे ४० काळे टी-शर्ट आले आहेत, रंगीत डिझाइन आणि प्रत्येकाच्या पाठीवर वेगळं नाव. दसऱ्याला दीक्षाभूमीवर सेवा देणाऱ्या स्वयंसेवकांचे ३०० गडद निळे टी-शर्ट पण आहेत, पाठीवर स्तूपाचं पांढऱ्या रेघांचं चित्र आणि छातीवर छोटं नाव. भाव सांगायची भीती वाटते आहे. शाईचा खर्च काढायचा तरी कसा? आई म्हणते, विकून टाक हे मशीन.

– तुमचा वाचक, हुडकेश्वर

उत्तर:

बेटा, आधी एक काम कर. पत्राचं उत्तर नंतर वाच. मशीनच्या खाली, बहुतेक मागच्या बाजूला, एक बाटली असेल, जिच्यात वेस्टची, म्हणजे वाया गेलेल्या शाईची, नळी उतरते. ती काढ आणि उजेडात धर. राखाडी, चिखलासारखं जे काही त्यात दिसेल, ती तुझी मे महिन्यातली शाई आहे.

तू आकडे व्यवस्थित लिहून पाठवलेस म्हणून मला हिशेब लावता आला. नाहीतर मला येणाऱ्या दहातल्या आठ पत्रांत ‘खूप शाई जाते’ एवढंच असतं. तुझ्या शाईवाल्यानं तुला खोटं सांगितलं नाही. फिल्मवर जेवढी शाई बसते तेवढीच त्यानं सांगितली. ती खरंच ३ रुपयांच्या आतच असते. पण बाटलीतून निघालेली सगळी शाई फिल्मवर पोचत नाही, आणि न पोचणाऱ्या शाईबद्दल विकणारा कशाला बोलेल? ती आपण स्वतः मोजायची असते.

कशी मोजायची ते सांगते. इतवारीत सराफ्याच्या आसपास सोनारांचे छोटे इलेक्ट्रॉनिक काटे मिळतात, एका ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारे. तसा एक घे. मी कितीतरी वर्षं स्क्रीन प्रिंटिंगमध्ये अंदाजपंचे दाहोदरसे भाव लावले. डब्यात बोट बुडवून ‘अर्धा किलो तर गेला असेल’ असं म्हणायचं, आणि त्यावर पुढच्या महिन्याचं काम घ्यायचं. काटा घेतला त्या आठवड्यात कळलं की माझे अंदाज दोन्ही बाजूंनी चुकत होते. लहान कामात मी गिऱ्हाइकाला लुटत होते आणि मोठ्या कामात स्वतःला.

फिल्मचा एक तुकडा काप, तुझ्या नेहमीच्या डिझाइनपेक्षा थोडा मोठा, आणि तोल. मी मागे २७ बाय ३० चा तुकडा घेतला होता, भरला ११.३४ ग्रॅम. त्यावर डिझाइनचा फक्त पांढरा थर छापला, टी-शर्टावर रंगांच्या खाली येतो तो, रंग बंद ठेवून. मशीनमधून निघाल्याबरोबर, पावडर टाकायच्या आधी पुन्हा तोलला. वाळू द्यायचा नाही, कारण शाईतलं पाणी उडायला लागलं की वजन उतरतं. भरला १२.५० ग्रॅम, म्हणजे पांढरी १.१६ ग्रॅम गेली. मग दुसऱ्या तुकड्यावर पांढरा बंद करून फक्त रंग छापले: ०.६३ ग्रॅम. आता ग्रॅमचे मिलीलीटर करायचे, कारण शाई आपण लीटरनं विकत घेतो. त्यासाठी पुस्तकात बघायची गरज नाही. मेडिकलमधून १० मिलीची सिरिंज आण, रिकामी तोल, शाई भरून तोल. माझी पांढरी शाई १० मिलीला ११.६ ग्रॅम भरली, रंग १०.५. म्हणजे पांढरी बरोबर १ मिली आणि रंग ०.६ मिली, ६०० चौरस सेंटीमीटरच्या डिझाइनला. तुझ्या भावानं पांढरीचे दीड रुपये आणि रंगाचे ७८ पैसे. एकूण २ रुपये २८ पैसे. शंभर चौरस सेंटीमीटरला ३८ पैसे.

हा ३८ पैशांचा आकडा माझ्या शाईचा, माझ्या डिझाइनचा आहे. तुझा वेगळा येईल. पांढऱ्या थराचं प्रमाण तू १०० टक्के ठेवतोस की ७०, डिझाइन भरीव आहे की जाळीदार, यावर तो हलतो. छपाईची फाइल तयार करणारं रिप सॉफ्टवेअर प्रत्येक कामाला किती मिली लागेल ते दाखवतं, पण तो त्याचा अंदाज असतो. चार-पाच तुकडे तोलून बघ आणि सॉफ्टवेअरचा आकडा काट्याच्या किती जवळ येतो ते लिहून ठेव. एकदा जुळवलं की पुढे रोज तोलावं लागत नाही.

आता तुझा मे. फिल्मवर एका टी-शर्टामागे १.६ मिली धरली तर २६० टी-शर्टांना ४१६ मिली लागायला हवी होती. गेली १,५०० मिली. म्हणजे एक लीटरपेक्षा जास्त शाई कुणाच्याही टी-शर्टावर गेलीच नाही. १,५०० भागिले ४१६, साधारण ३.६. या आकड्याला मी ‘पट’ म्हणते. दर महिन्याच्या एक तारखेला बाटल्या तोलायच्या. गेल्या महिन्याची शिल्लक अधिक खरेदी, त्यातून आजची शिल्लक वजा, आणि त्याला फिल्मवरच्या शाईनं भागायचं. माझ्या अनुभवात व्यवस्थित चाललेल्या मशीनचा पट दीडच्या आसपास राहतो. दोनच्या वर गेला की मी काम थांबवून कारण शोधते. तुझा साडेतीनच्या पुढे गेला आणि तू दाबून काम करत राहिलास. शेवटी हेड बसलं ते त्याच्यामुळेच.

पट वाढला का, याचं उत्तर तुझ्या पत्रात एका वाक्यात आहे: रोज चार-पाच वेळा हेड क्लीनिंग. एका क्लीनिंगला किती शाई जाते ते माहीत आहे का तुला? वेस्टची बाटली तोल, एक क्लीनिंग दे, पुन्हा तोल. माझ्याकडे ६ ग्रॅम भरली. दिवसाला पाच, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे ७८० ग्रॅम. उरलेली तू सिरिंजनं ओढून काढली असशील, हेड उघडण्यासाठी.

आणि मे महिन्यात नागपुरात हेड का बंद पडतं, हे तुला मुंबई-पुण्याचा कुणी व्हिडिओ सांगणार नाही. आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो तेवढंच नाही, दुपारी हवेत ओल उरतच नाही. आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास, मेअखेरच्या नवतप्यात त्याच्याही खाली. या शाईला साधारण ४० ते ६० टक्के लागते. नोझल, म्हणजे हेडचं छिद्र, केसाहून बारीक असतं, त्याच्या तोंडावरचा शाईचा थेंब कोरड्या हवेत बघता बघता सुकतो. त्यात पांढरी शाई सगळ्यांत वाईट. तिच्यात टायटॅनियम डायऑक्साइड असतं, पाण्याच्या चारपट जड. हलवत राहिलं नाही की ते तळाला बसतं, नळीत बसतं, हेडच्या आधीच्या छोट्या डबीत, डॅम्परमध्ये बसतं. तुमच्याकडे दुपारी लाइट गेली, पंप थांबला, तासाभरानं आली, तू क्लीनिंग दाबलं. असंच झालं ना?

उपाय महाग नाहीत. आर्द्रता दाखवणारं घड्याळासारखं छोटं यंत्र काहीशे रुपयांत मिळतं, ते मशीनजवळ लाव. कूलर आपल्याकडे घरोघरी आहेच, आणि तो इथे उपयोगी पडतो, पण त्याचा झोत मशीनवर येऊ देऊ नकोस. झोतानं पावडर उडते, कूलरच्या जाळीतला भुसा आणि धूळ ओल्या फिल्मवर बसते. समोरच्या खोलीत कूलर आणि मधल्या खोलीत मशीन, दार उघडं, असं ठेवलं तर ५० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता मिळते. शाईच्या बाटल्या टिनाच्या शेडमध्ये किंवा गच्चीवरच्या खोलीत ठेवू नकोस. सकाळी मशीन चालू केलं की लगेच क्लीनिंग न देता आधी नोझल चेक काढ, म्हणजे सगळी छिद्रं चालतात का ते दाखवणारा छोटा नमुना, आणि सगळ्या रंगांची बोटभर रुंद पट्टी छाप. पट्टीला थेंबभर शाई जाते, क्लीनिंगला ६ ग्रॅम. काम असो नसो, रोज छाप. रविवारी पण. दिवसातून दोनदा पांढरीची बाटली हळू हलवायची. फेस होऊ द्यायचा नाही, हवेचा बुडबुडा नळीत शिरला की पुन्हा क्लीनिंग. आणि पांढरी फिरवणाऱ्या पंपापुरता एक छोटा इन्व्हर्टर घे. अख्खं मशीन चालवायची गरज नाही, शाई फिरत राहिली म्हणजे झालं.

पावसाळ्यात उलट त्रास. हवेत ओल आहे म्हणून हेड खुशीत राहतं, पण पावडरच्या गुठळ्या होतात आणि त्या नको तिथे चिकटतात. पावडर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेव. आणि पावडर टाकताना, भाजताना तोंडाला चांगला मास्क लाव, आईलाही दे. खिडकी उघडी पाहिजे. हे मी हिशेबाच्या आधी सांगायला हवं होतं.

आता १९,००० च्या हेडकडे येते, कारण तुझी सगळ्यांत मोठी चूक तिथे आहे. तू तो खर्च रिपेअरमध्ये टाकलास. तो शाईच्या खात्यात टाक. हेड झिजतं शाईनं, बंद पडतं शाईनं, आणि टिकतं तेसुद्धा शाई नीट सांभाळली तरच. हेड वर्षभर टिकलं आणि महिन्याला २६० टी-शर्ट निघाले तर ३,१२० टी-शर्ट, म्हणजे प्रत्येकामागे ६ रुपये. तुझ्या फिल्मवरच्या शाईच्या अडीचपट. तेच हेड तीन महिन्यांत बसलं तर ७८० टी-शर्टांवर २४ रुपयांच्या वर. तू ३६ रुपये नफा धरला होतास, बेटा. त्यातले २४ हेडनं नेले.

म्हणजे शाईचा खरा आकडा, तुझ्या नेहमीच्या डिझाइनला: फिल्मवरची २.२८, गुणिले पट दीड, साधारण साडेतीन रुपये, अधिक हेडचे ६. साडेनऊ. तू धरलास ३. फिल्म ५.३०, कारण फिल्म आपण लांबीनं वापरतो. २५ सेंटीमीटरचं डिझाइन आणि मधली जागा मिळून साडेसव्वीस सेंटीमीटर, मीटरला २० रुपये. बाजूची कोरी पट्टी पण त्यात गेली, म्हणून तिथे छातीवरची छोटी नावं बसवायला शिक. पावडर एक रुपया. वीज: वाढलेलं बिल भागिले टी-शर्ट, ८ रुपये. हे ८ रुपये तू कुठेच धरले नव्हतेस. आणि ११ खराब टी-शर्ट. ते २६० च्या चार टक्क्यांहून जास्त होतात. एक बिघडला की कापड, शाई, फिल्म सगळंच जातं. तुझ्या साडेचार हजारांचा ताळा असा लागतो: अपेक्षित ९,३६०, त्यातून शाईचे जादा १,३७०, खराब मालाचे १,२५४, विजेचे २,१००. उरतात ४,६३६. तुझ्या बोटावर मोजलेले पैसे आणि माझा कागद जुळला, म्हणजे कुठे चोरी नाही की गळती नाही. न धरलेले खर्च आहेत.

मारबतीचं काम घे. डीटीएफला ते अगदी जमतं. ४० नग, रंगीत, प्रत्येक नाव वेगळं. स्क्रीनवर हे कुणी करणार नाही. पण काळा टी-शर्ट आहे, तेव्हा दोन गोष्टी. डिझाइनमध्ये जिथे जिथे काळं आहे, काळ्या मारबतीचा देह असेल, केस असतील, तिथे शाई टाकूच नकोस. तेवढा भाग मोकळा सोड, कापडाचा काळा दिसू दे. फक्त पांढरा काढून वर काळा रंग ठेवलास तर तिथे पकड कमजोर राहते, म्हणून पूर्णच काढ. शाई वाचते आणि टी-शर्ट पाठीला प्लास्टिकसारखा चिकटत नाही. पिवळ्या मारबतीत मात्र कंजूषी करू नकोस. काळ्या कापडावर पिवळ्याखाली पांढरा कमी पडला की तो शेवाळी दिसतो, आणि मिरवणुकीत शेवाळी मारबत कुणाला आवडायची नाही. पांढरा थर कडेनं एक-दोन पिक्सेल आत घे म्हणजे पिवळ्याच्या कडेला पांढरी किनार दिसणार नाही.

हिशेब असा. समोर २८ बाय ३५, म्हणजे ९८० चौरस सेंटीमीटर. काळं मोकळं सोडूनही मी पूर्णच धरते. शाई ३.७२, पट दीड, ५.६०. हेड शंभर चौरस सेंटीमीटरला एक रुपया, १० धर. फिल्म ७.३०, पावडर पावणेदोन. पाठीवरचं नाव २८ बाय ७, सगळं मिळून ५ रुपये. झाले ३० च्या आसपास. वीज ८, काळा टी-शर्ट ११५ चा मिळाला तर तो, खराब होणाऱ्याचे ७. एकशे साठ. यात तुझी आणि आईची मजुरी नाही, चाळीस नावांची फाइल बनवायला तुझी रात्र जाईल ती नाही. २२० पेक्षा कमी सांगू नकोस. मंडळवाले म्हणतील, ‘काहून एवढे लावून राहिला भाऊ, गेल्या वर्षी दीडशेत झालं होतं.’ त्यांच्याशी भांडू नकोस. एका रंगात, नावाशिवाय १६५ ला करून देतो म्हण, आणि दोन्ही नमुने पुढे ठेव. निवडू दे त्यांना.

नावांची यादी मात्र लेखी घे, आणि छापायच्या आधी त्यांच्याकडून वाचून घे. एका वेलांटीसाठी अख्खा टी-शर्ट जातो.

दीक्षाभूमीचं काम तू स्वतः छापू नकोस. माझं ऐक. ३०० एकसारखे नग, एकच रंग, पांढरा. हे स्क्रीनचं काम आहे. आणि फक्त पैशासाठी म्हणत नाही. स्तूपाचं चित्र रेघांचं आहे. डीटीएफमध्ये बारीक रेघ, मिलीमीटरच्या आतली, पावडर नीट धरत नाही आणि धुण्यात सुटायला लागते. १४ ऑक्टोबर १९५६ ची आठवण म्हणून लोक लांबून येतात, हे स्वयंसेवक रात्रभर उभे राहून पाणी वाटतात, रस्ता दाखवतात. तो टी-शर्ट ते वर्षानुवर्षं ठेवतात. चौथ्या धुण्यात स्तूपाची रेघ निघालेली तुला चालेल का?

पैशाचं असं आहे. स्क्रीनला सुरुवातीचा खर्च असतो: पाठीची एक आणि छातीची एक, दोन फ्रेम, समजा १,००० रुपये. त्यानंतर प्रत्येक नगाला शाई आणि मजुरी मिळून समजा १४. तुझ्याकडे डीटीएफवर तेच काम, रेघांमुळे शाई कमी लागली तरी फिल्म पूर्ण जाते, माझ्या अंदाजानं २२ च्या आसपास. फरक ८ रुपयांचा. १,००० भागिले ८, एकशे पंचवीस. सव्वाशे नगांच्या पुढे स्क्रीन स्वस्त पडते, आणि तुझे तर तीनशे आहेत. गांधीबाग, महाल भागात जुने स्क्रीनवाले आहेत, त्यांच्याकडे जा, नमुना कापड घेऊन. काम तू घे, टी-शर्ट तू आण, छपाई त्यांच्याकडून करून घे आणि वर तुझे २० रुपये ठेव. तीनशे नगांवर ६,००० होतात, मशीनला हात न लावता.

स्क्रीनवाल्याकडे शाई कशी मोजायची तेही सांगते, कारण तिथे बहुतेक जण टी-शर्टच तोलतात आणि फसतात. माझे सासरे एम्प्रेस मिलमध्ये होते, १८७७ मध्ये सुरू झालेली ती मिल. ते म्हणायचे, कापसाचं वजन ओलाव्याशिवाय बोलायचं नाही. खरंच आहे. साध्या हवेत सुती कापड स्वतःच्या कोरड्या वजनाच्या साडेआठ टक्के पाणी धरून असतं. दोनशे ग्रॅमच्या टी-शर्टात पंधराएक ग्रॅम पाणीच. ते भट्टीतून जाऊन आलं की कोरडं पडतं, आणि दहा ग्रॅम शाई चढूनही काटा कधी कधी पहिल्यापेक्षा कमी दाखवतो. म्हणून टी-शर्ट नाही, शाईचा डबा तोल. आधी डबा, फ्रेम आणि ओढायचं रबर तोलायचं, वीस नग छापायचे, मग तिन्ही परत. आलेला फरक भागिले वीस. गडद निळ्यावर पांढरा एका हातात उठत नाही, दोनदा ओढावा लागतो, मध्ये थोडा सुकवून. हे भाव ठरवतानाच विचार, नाहीतर ते एका हाताचा भाव सांगतील आणि स्तूप निळसर दिसेल. पहिले तीन नग घरी आण, एक रात्र थांब, वॉशिंग मशीनमध्ये टाक, मगच बाकीच्यांना हो म्हण.

आईचं म्हणणं. आईनं १९,००० जाताना डोळ्यांनी पाहिलं आहे, ती घाबरली असेल तर चूक नाही तिची. तिला हे पत्र वाचून दाखव, निदान हेडचा भाग. मशीन विकायचं की नाही ते आज ठरवू नका. नवीन हेड लावून अजून फार दिवस झालेले नाहीत. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर, तीन महिन्यांच्या एक तारखेला बाटल्या तोला. पट दोनच्या आत राहिला तर मशीन घर चालवेल. तीनच्या वर गेला तर मात्र दिवाळीच्या आधी, हेड चांगलं असताना विका. बसलेल्या हेडच्या मशीनला कुणी भाव देत नाही.

तोवर या रविवारी मशीन मधल्या खोलीत सरकवून घ्या. दोघांनी मिळून, पातळी बघून. आणि सरकवायच्या आधी वेस्टची बाटली रिकामी कर, नाहीतर फरशीवर सांडेल. ते नालीत ओतू नकोस, जुन्या कपड्यात जिरवून वेगळं ठेव.

– काकू